आठ माणसं, सात दिवस, दोन शेगड्या: बोटीवरच्या शिध्याच्या नोंदी

9 फेब्रुवारी 2025, रविवार, लातूर

पुतण्याचा पुण्याहून फोन. बोट ठरली. ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्र आहे, तिथल्या लेफकाडा बेटावरून 31 मे, शनिवारी निघायचं आणि पुढच्या शनिवारी सकाळी बोट परत द्यायची. शिडाची बोट, 45 फूट, चार खोल्या, आठ माणसं. तिथं बोट स्वतः चालवायची तर दोघं जाणते लागतात, एकाकडं परवाना. परवाना पुतण्याकडं, दुसरी जाणती म्हणजे आमची सून. बाकी सहाजण नुसतं ओझं: अक्का, दादा, हे, मी, माझी लेक आणि पुतण्याची नऊ वर्षांची पोरगी.

"काकू, जेवणाचं खातं तुमच्याकडं. साठ पोरांची मेस चालवता, आठ माणसं म्हणजे काय?"

मलाही तसंच वाटलं. मग त्यानं बोटीतल्या स्वयंपाकघराचा फोटो पाठवला. गॅली म्हणतात त्याला. आमचं देवघर मोठं आहे त्याच्यापेक्षा.

16 फेब्रुवारी, रविवार

त्याच्याकडून माहिती काढून वहीत लिहिली. दोन शेगड्या, खाली छोटं ओव्हन. बोट कलली की शेगडी झोपाळ्यासारखी डुलते, म्हणजे भांडं सरळ राहतं. भांडी अडकवायला वरून पट्ट्या. गॅसच्या टाक्या दोन, प्रत्येकी तीन किलोच्या आसपास. घरचं सिलिंडर 14.2 किलोचं, त्या हिशेबानं ही खेळणीच. फ्रिज वरून उघडायचा, बॅटरीवर चालतो, सारखा उघडला तर बॅटरी बसते. पाण्याच्या टाक्या मिळून 530 लिटर.

पाण्याचा भागाकार केला. आठ माणसं, सात दिवस, माणशी रोज साडेनऊ लिटर. त्यात आंघोळ, तोंड धुणं, भांडी, स्वयंपाक सगळं. वाटेत एखाद्या बंदरात पैसे देऊन पाणी भरता येतं म्हणे, पण तो हिशेबात धरायचा नाही. आलं तर आलं.

पुतण्या म्हणाला, लोकांना हेच सगळ्यात जड जातं. मी काही बोलले नाही.

23 फेब्रुवारी, रविवार

आज यादीला पहिली कात्री लागली. युरोपात बाहेरून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, खवा नाही, पेढा नाही. दादांनी भूमहून कुंथलगिरीचे पेढे मागवायचं ठरवलं होतं. त्यांचं तोंड इतकं उतरलं की बोट रद्द झाली की काय असं वाटावं.

ताजा भाजीपाला, फळं, कढीपत्ता, कोथिंबीर, आलं, मिरच्या यांनाही सरकारी दाखला लागतो. बिनदाखल्याची फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन नावाचं एक फळ, जे आमच्यात कुणी पाहिलेलं नाही. नारळ चालतो म्हणून मी खूश झाले, तर लेक म्हणाली सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेलकट असल्यानं आपोआप पेट घेऊ शकतं. ओला नारळ युरोपला चालतो आणि सुक्या खोबऱ्याला विमानात बसू देत नाहीत. आता खोबऱ्याची चटणी बाद, शेंगदाण्याची आणि कारळाची दुप्पट.

डाळी, तांदूळ, पिठं, मसाले, सगळं कोरडं. म्हणजे आपलंच राज्य.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

पुरणपोळी खाऊन दादांनी विचारलं, "तिथं पुरण होईल का?" नाही होणार.

12 एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती, मेसला सुट्टी. आज रंगीत तालीम केली. मेसच्या मोठ्या भट्ट्या बंद, दोन शेगड्या आणि पाच किलोचं छोटं सिलिंडर. दिवसभरासाठी पाण्याचा ड्रम वेगळा काढला. 530 ला सातानं भागलं तर रोजचे 75 लिटर येतात, त्यातले पाच राखीव ठेवून ड्रममध्ये 70 च भरले. घरचे नळ बंद.

तारीख लिहिताना हात थांबला. 2016 साली याच तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळा देश बघत होता, आम्ही मात्र घागरी मोजत होतो. तेव्हा मेस बारकी होती, चोवीस पोरं. निम्मी पोरं गावाकडं गेली, उरलेल्यांना मी पत्रावळीवर वाढायची, कारण ताट धुवायला पाणी नव्हतं. तांदळाचं धुवण भांड्याला, भांड्याचं पहिलं पाणी कुंडीला, दुसरं संडासला. तीन महिने तसं काढलं आम्ही. पुतण्या जे "बोटीवरचं पाणी" म्हणून शिकवतोय ते ह्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारावं.

तालमीचा निकाल: पाण्यात पास. संध्याकाळी ड्रममध्ये 11 लिटर उरले. गॅसमध्ये नापास. मेसच्या काट्यावर सिलिंडर सकाळी आणि रात्री तोलला, 310 ग्रॅम गेला. सात दिवसांचे सव्वादोन किलोच्या आत बसतात, पण एवढा का गेला ते शोधलं तर चहा. आठ माणसं, सहा वेळा, दर वेळी वेगळं पातेलं. चहाची दोनच टायमिंग ठेवायची आणि दोन थर्मास न्यायचे. त्याशिवाय कुकरची एक शिट्टी झाली की बंद करून वाकळेत गुंडाळायचा. खिचडी आज अशीच केली. पाऊण तासानं उघडली तर मऊ, वाफाळलेली. आजी हुलग्याचं माडगं असंच ठेवायची.

तोल बघायला लेकीनं बंगईवर बसून वरणभात खाल्ला, ह्यांनी झोके दिले. वरण मांडीवर. ठरलं: चालत्या बोटीत पातळ काही नाही.

27 एप्रिल, रविवार

वाळवणाचे दिवस. गच्चीवर सांडगे, कुरडया, खारोड्या. अक्का गच्चीवर आल्या, "काय करलालीस गं एवढं?" म्हटलं, बोटीला. त्या म्हणाल्या, तिथं तळशील कशी? बरोबर होतं. डुलत्या शेगडीवर कढईभर गरम तेल ठेवणं म्हणजे स्वतःहून दवाखाना गाठणं. पुतण्यानंही तळणाला सक्त मनाई केली आहे. मग कुरडया भिजवून, कांदा मिरची घालून परतायच्या. ती भाजी आमच्याकडं तशीही होते, आणि तळलेल्या कुरडईपेक्षा मला तीच आवडते. सांडग्यांची आमटी. खारोड्या तशाच शेंगदाण्यांबरोबर खायच्या, पहाऱ्यावरच्या माणसाला.

4 मे, रविवार

नीट परीक्षा. पहाटे चारला 58 डबे. दुसरं काही सुचलं नाही.

11 मे, रविवार

पोरं गेली, मेस रिकामी. आज बसून जेवणाचं वेळापत्रक पक्कं केलं.

आधी वारा समजून घेतला. आयोनियन समुद्रात उन्हाळ्यात सकाळ बहुतेक शांत असते, दुपारनंतर वायव्येकडून वारा धरतो आणि संध्याकाळी पडतो. मग शिडं दुपारी. म्हणजे दुपारचं जेवण बोट कललेली असताना, एका हातानं, ताटाशिवाय. तेव्हा खरा स्वयंपाक सकाळी नांगर उचलायच्या आधी आणि रात्री नांगर टाकल्यावर. मेसचं वेळापत्रक घंटेवर चालतं, हे वाऱ्यावर चालणार.

सात रात्रींपैकी तीन रात्री किनाऱ्यावर खाणावळीत जेवायचं, हा सुनेचा हट्ट, आणि मला तो लगेच पटला. उरल्या चार. एक वरणभात, एक सांडग्याची आमटी, एक खिचडी, एक वरणफळं. वरणफळांवर माझा भरवसा जास्त, कारण एकाच भांड्यात डाळ नि पोळी दोन्ही शिजतात. दुपारी धपाटे, थालीपिठं, भडंग, कडक भाकरी. नाश्त्याला उपमा, पोहे, आणि तिथला पाव.

6 जूनला निर्जला एकादशी. अक्का माळकरी, त्यांचं पाणी बंद नसतं पण उपवास पक्का. साबुदाणा एक किलो, भगर अर्धा किलो, दाण्याचं कूट.

मेसचं माप माणशी तांदूळ 80 ग्रॅम एका वेळेला. समुद्रावर भूक वाढते असं सगळे सांगतात म्हणून 100 धरला. चार वेळा आणि वर एक जादा, चार किलो. तूरडाळ दीड किलो. मुगाची आणि मसुराची लवकर शिजते, गॅस वाचतो, पुतण्याचा आग्रह तोच होता. पण बोरसुरीची डाळ घरात असताना मुगाचं वरण घेऊन परदेशात जायचं? तासभर भिजवली की तीही दोन शिट्ट्यांत मऊ होते, करून बघितलं. मूग एक किलो, खिचडीपुरता. पानचिंचोलीची चिंच पाव किलो. येसर अर्धा किलो, तेच खरं भांडवल. हरभरा, ज्वारी, बाजरी, धने भाजून दळलेलं ते पीठ पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की दहा मिनिटांत आमटी. ना वाटण, ना मिक्सर.

पिण्याचं पाणी टाकीतलं नाही प्यायचं, बाटल्यांचं. माणशी अडीच लिटर, सात दिवस, 140 लिटर. दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा गठ्ठा नऊ लिटरचा, म्हणजे सोळा गठ्ठे. हे सगळं तिथं घ्यायचं.

18 मे, रविवार

हवा काढून पिशव्या बंद करायचं यंत्र ऑनलाइन मागवलं होतं. चार पिशव्या झाल्या आणि पाचवीला गरम होऊन गप्प. परत घ्यायला फोन लावला तर "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकत सव्वा तास गेला. शेवटी मेसची जुनी युक्ती: मेणबत्ती, हॅक्सॉची पट्टी आणि जाड पिशवी. तोंड दुमडून पट्टीबाहेर दोन मिलिमीटर ठेवायचं, ज्योतीवरून एकदाच, न थांबता फिरवायचं. थांबलं की भोक. सदतीस पिशव्या, तीन फुकट गेल्या.

प्रत्येक पिशवीवर पेनानं थेट लिहिलं, चिठ्ठी नाही लावली. बोटीच्या तळाशी फळ्यांखाली सामान ठेवतात, तिथं ओल असते, कागद सुटतो आणि मग कुठल्या डब्यात काय हे देवालाच माहीत. पुठ्ठ्याचे खोकेही बोटीवर न्यायचे नाहीत, घड्यांत झुरळांची अंडी येतात. वाण्याच्या पोत्याचं जे, तेच.

28 मे, बुधवार

रात्री धपाटे. ज्वारीचं पीठ दोन भाग, गहू एक, बेसन अर्धा, तीळ, ओवा, तिखट, हळद. कांदा नाही, कोथिंबीर नाही, दही नाही, पाण्याचा हात कमी. ओल्या फडक्यावर पातळ थापून मधे बोटानं भोकं पाडली, तव्यावर दोन्ही बाजूंनी कोरडे होईस्तोवर. साठ झाले. कामवाल्या मावशी आणि मी बारापर्यंत. शेवटचे पंधरा गरम असतानाच डब्यात गेले. दोघींनाही झोप आली होती. इथं नोंदवून ठेवते, कारण याचं फळ पुढं मिळालं.

सामान चौघांच्या बॅगांत मिळून 31 किलो. तीन लिटरचा कुकर माझ्या बॅगेत, आत शेंगदाण्याची चटणी ठासून.

30 मे, शुक्रवार, अथेन्स

रात्रीच्या गाडीनं मुंबई, मग आखातातून विमान बदलून इथं. तपासणीवाल्यानं कुकर बाहेर काढला, शिट्टी हलवून बघितली, झाकण उघडलं. चटणीचा वास त्याच्या नाकात गेला. "मिल्क? मीट?" म्हटलं, नो नो. जा म्हणाला.

31 मे, शनिवार, लेफकाडा

व्हॅननं साडेचार-पाच तास. लेफकाडा बेट आहे पण रस्त्यानं जाता येतं, मधे तरंगता पूल.

बोट संध्याकाळी पाचला मिळाली. तोवर सून, लेक आणि मी बाजारात. टोमॅटो, काकडी, कांदे, बटाटे, लिंबं, कोबी, पालक, अंडी (अक्कांचा डबा वेगळा), दही, बिनमिठाचं लोणी दोन किलो, आणि ते पाण्याचे सोळा गठ्ठे. दह्याचं भांडं उलटं केलं तरी दही पडेना, आपला चक्काच. पावाच्या कपाटात सातूच्या पिठाचे दोनदा भाजलेले कडक तुकडे दिसले, पाक्सिमादी म्हणतात. पाण्यात किंवा टोमॅटोच्या रसात भिजवून खायचे. आमच्या कडक भाकरीचा सख्खा चुलतभाऊ. दोन पुडे घेतले, मुलाखतीला.

बोटीवर चढवताना माणसांची साखळी केली. धक्क्यावरच सगळे पुठ्ठे फाडले, कोबी-पालक धुवून पुसून घेतला.

मग लोणी कढवलं. बंदरात बोट हलत नाही तोवरच हे काम. दोन किलोचं, दोन हप्त्यांत, बारीक ज्योतीवर. फेस बसला, बुडाला बेरी धरली, वास पायऱ्या चढून वर गेला. शेजारच्या बोटीवरचे दोघं पांढऱ्या केसांचे गोरे वाकून बघायला लागले. दादांनी त्यांना पावाच्या तुकड्यावर बेरी आणि साखर दिली. तूप दीड किलोच्या वर निघालं. पेढ्याचं दुःख थोडं हलकं झालं असावं.

1 जून, रविवार, मेगानिसी

धपाट्यांचे डबे उघडले. तीनांत चांगले, चौथ्यात, त्या गरम भरलेल्या पंधरांत, हिरवट बुरशी. वाफ धरली. साठ पोरांना रोज ओरडत असते की गरम पोळी डब्यात कोंबू नका. बाकीचे दह्याशी खाल्ले, एका हातानं, शिडाच्या दोरीवर दुसरा हात.

पहिल्या दिवशी तेलकट काही दिलं नाही. तरी ह्यांना लागलं. सुंठ-गूळ, लाह्या, आणि खाली न बसता वर येऊन लांबच्या डोंगराकडं बघत राहायचं. तासाभरात ठीक.

2 जून, सोमवार

फ्रिजवर पट्टी चिकटवली: दिवसातून तीनदाच उघडायचा. नऊ वर्षांची पोरगी पहारेकरी. दादा दह्यासाठी चौथ्यांदा गेले, पकडले गेले.

भांडी समुद्राच्या पाण्यानं बादलीत घासतो, शेवटी गोड्या पाण्याचा एक फिरवणा. बंदरात मात्र समुद्राचं पाणी घ्यायचं नाही. भाताला तिसरा हिस्सा समुद्राचं पाणी घालून बघितलं, नांगर उघड्या खाडीत होता तेव्हा. मीठ वेगळं घालावं लागलं नाही, पण इथला समुद्र जरा जास्तच खारट. पुढच्या वेळी पाचवा हिस्सा.

4 जून, बुधवार, किओनी, इथाका

रात्री खाणावळ. पुतण्यानं अक्कांसाठी एक शब्द पाठ केला होता, निस्तीसिमो. इथल्या चर्चच्या उपवासाचं जेवण, त्यात मांस, अंडी, दूध नसतं. मालकानं आनंदानं मान डोलावली आणि म्हणाला, मग ऑक्टोपस आणू? त्यांच्या उपवासाला तो चालतो. अक्कांनी माळेला हात लावला.

शेवटी फावा आलं. पिवळ्या डाळीचा घट्ट लगदा, वर कच्चा कांदा, ऑलिव्हचं तेल. अक्कांनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "आगं, हे तर आपलं घट्टं वरणच की!" दुसरी ताटली मागवली. बोटीवर परतताना म्हणाल्या, हिंग कमी होता.

5 जून, गुरुवार, फिस्कार्दो

दुपारी वारा जोरात, बोट चांगलीच कलली. खाली जाऊन काही करायची सोय नाही. कडक भाकरी चुरून, त्यावर टोमॅटो, कांदा, कारळाची चटणी, तेल, लिंबू, एका मोठ्या पातेल्यात कालवून आठ चमचे. पाक्सिमादीही त्यातच चुरली. ती मुलाखतीत पास झाली.

पाणी मोजलं: टाकीत काट्यानं निम्म्याच्या वर. पुतण्या म्हणाला, असं त्यानं कधी बघितलं नाही. इथं भरायची गरजच पडली नाही, तरी लेकीनं केस धुवायची परवानगी मागितली. दिली.

6 जून, शुक्रवार, परत लेफकाडा

एकादशी. सकाळी सहाला, बोट स्थिर असताना साबुदाणा परतायला घेतला आणि ज्योत निळी, पिवळी, गप्प. पहिली टाकी संपली. सात दिवसांना पुरेल असा हिशेब होता, सहा पुरले. तूप कढवलं ते मी कुठंच धरलं नव्हतं. पुतण्या मागच्या कप्प्यात उतरला, टाकी बदलली, दहा मिनिटं गेली. तोवर साबुदाणा कढईत बसून गोळा झालेला. अक्कांनी तो तसाच खाल्ला, वर थर्मासमधला चहा.

संध्याकाळी धक्क्याला लागलो. उरलेली चार अंडी आणि बटाटे त्या पांढऱ्या केसांच्या जोडप्याला दिले. त्यांना तूपच पाहिजे होतं.

12 जून, गुरुवार, लातूर

नवी बॅच सुरू, आज 41 डबे, सोमवारपासून 60 वर जाईल.

परत आलेलं: तांदूळ सातशे ग्रॅम, येसर एक मूठ, चिंच निम्मी, भगर सगळीच, खारोड्या शून्य. तूप उरलेलं अर्धा किलो, ते दादांनी स्वतःच्या बॅगेत घालून आणलं. मीठ अर्धा किलो नेलं होतं, पिशवी फोडलीसुद्धा नाही.

पुढच्या वेळी: धपाटे पूर्ण गार करून, मधे कागद घालून. हिंगाची डबी हाताशी. तुपाचा गॅस वेगळा धरायचा, साधारण 200 ग्रॅम. तिसरा थर्मास.

कामवाल्या मावशींनी धुण्याची मोठी टोपली नळाखाली ठेवून नळ पूर्ण सोडला होता. मी जाऊन अर्धा केला. त्या म्हणाल्या, धरण भरलंय की आता, बाई. म्हटलं, राहू द्या.